मुद्दल न मोडता

नाशिकच्या अंबडला आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर उभं राहिलं की पांडवलेणीचा डोंगर दिसतो. बावीस वर्षं मी इथे अकाउंट्सला आहे. पगारपत्रकं माझ्या हातून जातात, त्यामुळे कोणाचा किती हप्ता कापला जातो हे मला बऱ्याचदा त्याच्या बायकोच्या आधी कळतं. पैशाचे प्रश्नही मग लोक मलाच विचारतात. मी काही सल्लागार नाही, तसा परवानाही माझ्याकडे नाही. हिशेब मात्र मांडून दाखवता येतो.

मागच्या महिन्यात मेंटेनन्सच्या एका पोराने विचारलं, "काका, हे फायनान्शियल फ्रीडम फायनान्शियल फ्रीडम म्हणतात, ते नक्की किती पैशांना येतं?" वय अठ्ठावीस, लग्न ठरलेलं, हातात पगार येतो बेचाळीस हजार. मोबाइलवर कोणीतरी गाडीच्या बॉनेटला टेकून 'पस्तिसाव्या वर्षी रिटायर व्हा' असं सांगत होता, तो व्हिडिओ त्याने मला दाखवला.

मी डोंगराकडे बोट केलं. "उत्तर तिथे वर कोरून ठेवलंय." पोराला वाटलं, काका आता संन्यास घ्यायला सांगणार.

खरंच कोरलेलं आहे. दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात म्हणजे क्षत्रप राजा नहपानाचा जावई. साधारण १,९०० वर्षांपूर्वी त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं, आणि सोबत ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. पण ही नाणी त्याने भिक्षूंच्या हातात ठेवली नाहीत. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर-गोवर्धनचा परिसर. तिथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती गुंतवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ, आजची एखादी सहकारी संस्था समजा. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात तिथेच मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता गुणाकार करून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीसच. ताळेबंद जुळतो. अकाउंट्सच्या माणसाला यापेक्षा जास्त आनंद कशात असणार!

त्या लेखात एक अट आहे. मूळ प्राकृतात शब्द आहेत 'अपडिदातवा वधिभोजा'. ही नाणी परत द्यायची नाहीत, फक्त त्यांची वाढ भोगायची. अशा ठेवीला तिथे नाव आहे 'अखयनिवि', म्हणजे अक्षयनीवी. नीवी म्हणजे मुद्दल. न संपणारं मुद्दल.

आर्थिक स्वातंत्र्याची व्याख्या एवढीच आहे. तुमचा वर्षाचा खर्च तुमच्या साठ्याच्या वाढीतून निघतो आणि मुद्दलाला हात लागत नाही, तेव्हा नोकरी करणं तुमच्या मर्जीवर येतं. गाडी, बॉनेट, गोव्याचा समुद्र यांचा त्याच्याशी संबंध नाही.

"म्हणजे किती ते सांगा ना," पोरगं म्हणालं.

पगारावरून ते सांगताच येत नाही. ते खर्चावरून निघतं. त्याचं घर, म्हणजे आई-वडील आणि तो, महिन्याला पस्तीस हजारांत चालतं. वर्षाचे झाले ४ लाख २० हजार. आता मुद्दलातून दरवर्षी किती काढलं तर ते पिढीभर टिकेल, हा प्रश्न उरतो. १९९४ साली विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने तिकडच्या बाजाराचे जुने आकडे तपासून सांगितलं की पहिल्या वर्षी शेकडा चार काढा, पुढे महागाईच्या मानाने ती रक्कम वाढवत न्या, तीस वर्षं पैसा पुरेल. ते आकडे अमेरिकेचे. आपल्याकडे महागाई जास्त आणि चाळिशी-पन्नाशीत थांबायचं तर पुढची वर्षंही तीसहून अधिक, म्हणून मी शेकडा तीनच धरतो. शेकडा तीन म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या सवातेहतीस पट साठा. पोराच्या बाबतीत १ कोटी ४० लाख, तेही आजच्या पैशांत.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. हा आकडा ऐकून बहुतेक जण इथेच विषय सोडतात, किंवा मग बॉनेटवाल्याचा कोर्स विकत घेतात.

व्याज खाण्याआधी

थोडं थांबून उषवदाताच्या हिशेबातली फट बघू. भिक्षूला दरवर्षी बारा कार्षापण ठरले. पण कापडाचा भाव दुप्पट झाला तर? मुद्दल अक्षय राहिलं तरी कापड अर्धंच येणार. वाढ सगळीच्या सगळी खाल्ली की मुद्दल आकड्याने तेवढंच दिसतं आणि आतून पोखरत जातं. म्हणून वाढीतला पहिला वाटा महागाईचा. तो मुद्दलात परत टाकायचा आणि उरेल ते आपलं. शेकडा तीनच का काढायचं याचं कारण हेच. साठा वर्षाला नऊ टक्क्यांनी वाढला आणि महागाई सहा टक्के असली, तर खाण्याजोगे तीनच उरतात.

बँकेच्या ठेवीचं घ्या. सात टक्के व्याज मिळालं, तुम्ही वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर करानंतर हातात साडेपाच. महागाई सहा असेल तर ठेव दरवर्षी थोडी झिजते. पासबुकात मात्र आकडा वाढताना दिसतो, म्हणून कळत नाही. ठेव ठेवूच नका असं मी म्हणत नाही. अडीनडीचा पैसा तिथेच हवा. पंचवीस वर्षांचा पैसा तिथे नको.

नाशिककरांना तर हे पटकन कळायला हवं. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आपल्या नाशिकरोडला आहे. देशातल्या किती नोटा तिथून बाहेर पडल्या असतील! म्हणून नाशिकरोडला कांदा स्वस्त मिळतो का? नोट म्हणजे वस्तूवरचा हक्क. वस्तू तेवढ्याच राहून नोटा वाढल्या तर प्रत्येक नोटेला येणारी वस्तू कमी होते.

पैसा नुसता दाबून ठेवणाऱ्यांचंही उदाहरण जवळच सापडतं. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला जमिनीत चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी त्याच नहपानाची. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. नहपान हरला होता. कोणीतरी ते पुरून ठेवलं आणि परत काढायला आलाच नाही. विणकरांच्या मागावर लावलेला पैसा वर्षाला शेकडा बारा देत होता. जोगलटेंभीच्या पैशाने अठराशे वर्षांत एक दमडी वाढ दिली नाही, पुराणवस्तूवाल्यांचं मात्र भलं झालं.

कोटी विसरा, महिने मोजा

आता पोराचं दुःख. १ कोटी ४० लाख हा आकडा बेचाळीस हजारांच्या पगारासमोर हास्यास्पद दिसतो. म्हणून मी त्याला रुपयांत मोजायचं सोडायला सांगितलं. साठा भागिले महिन्याचा खर्च, एवढंच करायचं. दोन लाख शिल्लक आणि पस्तीस हजार खर्च म्हणजे पावणेसहा महिने. आज नोकरी गेली तर तू पावणेसहा महिने कोणाच्या तोंडाकडे न बघता जगू शकतोस.

असं मोजलं की स्वातंत्र्य एकदम शेवटी मिळायची गोष्ट राहत नाही, ते हप्त्याहप्त्याने येतं. तीन महिने असले की कंत्राटदाराने पगार लांबवला तरी सोनं गहाण पडत नाही. सहा-आठ महिने असले की सुपरवायझरच्या एखाद्या अपमानाला उत्तर देता येतं. दोन वर्षं असतील तर माणूस धंदा करून बघू शकतो, आईच्या आजारपणात घरी बसू शकतो. सातपूर-अंबडला मंदीचे फेरे मी पाहिलेत. ऑर्डर घटल्या की आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी माणसं, मग कायम कामगारांना ले-ऑफ. त्या दिवसांत माणसामाणसातला फरक पगाराने पडत नव्हता. चाळीस हजारवाला रडत होता आणि पंचवीस हजारवाला शांतपणे गावी जाऊन द्राक्षाच्या कामाला लागला होता.

मग पुढचा हिशेब. पोरगं बेचाळीस कमावतं, पस्तीस खर्चतं, सात उरतात. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. भागिले पस्तीस, म्हणजे एक वर्ष राबून तो २.४ महिने विकत घेतो. समजा खर्च पाच हजारांनी कमी केला. (नवीन गाडीचा हप्ता साधारण एवढा असतो, लग्नाआधी घ्यायची म्हणून तो बघून आला होता.) आता तीस खर्च, बारा शिल्लक. वर्षाचे १ लाख ४४ हजार, भागिले तीस, म्हणजे ४.८ महिने. नेमके दुप्पट. शिवाय गाठायचा आकडाही १ कोटी ४० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर उतरला. त्याऐवजी पगारच पाच हजारांनी वाढला असता तर? शिल्लक तीच बारा, पण भागायचं पस्तीसने, म्हणजे ४.१ महिने, आणि गाठायचा आकडा जागच्या जागी. खर्चातला रुपया दोन्ही बाजूंनी काम करतो, पगारातला एकाच.

पण यावरून काटकसरीचं कीर्तन लावायची माझी इच्छा नाही. बारा-पंधरा हजारांत हेल्परचं काम करणाऱ्याला 'खर्च कमी कर' म्हणणं हा चावटपणा आहे. त्याच्याकडे कापायला काही नसतं. त्याला आयटीआय, ड्रायव्हिंग, सीएनसी, काहीतरी हात चालवायचं कसब लागतं, आणि पहिली चार-पाच वर्षं त्याची सगळ्यात चांगली गुंतवणूक तीच. काटकसरीचा सल्ला चाळीस हजारांच्या पुढे लागू होतो, आणि तिथेच तो कोणाला नको असतो.

खरड छाटणीची वर्षं

उरलेला पैसा वाढतो कसा, यात लोकांची सगळ्यात मोठी निराशा पहिल्या दहा वर्षांत होते. महिन्याला बारा हजार, वर्षाला सरासरी दहा टक्के वाढ धरू. हा अंदाज आहे, कोणीही याची हमी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून लांब पळा. दहा वर्षांनी जमतात साधारण साडेचोवीस लाख. त्यातले १४ लाख ४० हजार तर तुमचेच. माणूस म्हणतो, दहा वर्षं घासली आणि वर दहाच लाख? तेच पंचवीस वर्षं चालू ठेवलं तर १ कोटी ५९ लाख होतात. आणि त्यातले अडुसष्ट लाख शेवटच्या पाच वर्षांत आलेले असतात.

निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी होते. बाग पार बोडकी करतात, नवीन काड्या तयार होतात, त्या काड्यांना डोळे धरतात. सहा महिने खत, पाणी, मजुरी, फवारणी, आणि घड एकही नाही. मग ऑक्टोबरची छाटणी, आणि त्यानंतर माल. एप्रिलच्या बागेकडे बघून कोणी 'यंदा काही खरं नाही' म्हणत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र आपण जूनमध्येच बाग उपटतो.

हे उपटणं मला रोज दिसतं. पोरं कंपनी बदलतात आणि पहिलं काम पीएफ काढण्याचं. फॉर्म १९ आणि १०-सी भरून घ्यायला माझ्याच टेबलाशी येतात. पगाराच्या बारा टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे (त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो), आणि २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के. नोकरदाराला आपोआप मिळणारी याच्यासारखी दुसरी अक्षयनीवी नाही. ती नवीन कंपनीकडे ट्रान्सफर करता येते, त्याच यूएएन नंबरवर, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकावर. पण चार वर्षांचे दीड लाख दिसतात, मोटरसायकल दिसते, आणि सही होते. दोन-तीनदा नोकरी बदलली की चाळिशीचा माणूस शून्यावर उभा असतो. मी समजावतो. दहातले दोन ऐकतात.

आता १ कोटी ५९ लाख ऐकून खूश झालेल्यांसाठी महागाईचा वाटा काढून दाखवतो. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर पंचवीस वर्षांनंतरचे ते पैसे आजच्या सदतीस लाखांएवढे. तीस हजारांच्या खर्चात भागले तर दहा वर्षांचं स्वातंत्र्य. वाईट नाही, पण तेहतीस वर्षांपासून लांब. हाच हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवत नेला, म्हणजे यंदा बारा, पुढच्या वर्षी तेरा हजार दोनशे असं, तर पंचवीस वर्षांनी ३ कोटी ९० लाखांच्या आसपास. आजच्या पैशांत एक्क्याण्णव लाख. पंचवीस वर्षांचा खर्च. वर पीएफ आला की गाठायचा आकडा आवाक्यात येतो, त्रेपन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्या पाच-सात वर्षं आधी. बॉनेटवाल्याच्या पस्तीशीपेक्षा हे फारच नीरस आहे. मधली दोन-तीन वर्षं मुलांच्या फीमुळे हप्ता वाढणार नाही, एखाद्या वर्षी बंदही पडेल. तरी हरकत नाही. मोडून काढला नाही म्हणजे झालं.

कुठे ठेवायचं

यावर लोकांना सगळ्यात जास्त ऐकायचं असतं आणि माझ्या मते सांगण्यासारखं सगळ्यात कमी इथेच आहे. आधी आरोग्य विमा आणि घरात कमावता एकच असेल तर टर्म इन्शुरन्स, म्हणजे कमावता गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा. एक मोठं ऑपरेशन पाच वर्षांची बचत घेऊन जातं. विमा आणि बचत एकत्र करणाऱ्या पॉलिसी घेऊ नका; त्यांचा परतावा बहुधा पाच-सहा टक्क्यांच्या घरात अडकतो आणि विम्याचं संरक्षणही तुटपुंजं मिळतं. मग सहा महिन्यांचा खर्च बँकेत. मग लांबचा पैसा: पीएफ, पीपीएफ (सरकारी बचत योजना, पंधरा वर्षांची मुदत, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के), आणि शेअर बाजाराचा निर्देशांक धरून चालणारा एखादा साधा इंडेक्स फंड, दरमहा एसआयपीने, म्हणजे ठरावीक रकमेच्या हप्त्याने.

फंड घेताना एक शब्द तपासा: डायरेक्ट की रेग्युलर. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचं कमिशन तुमच्याच पैशातून दरवर्षी जातं. जानेवारी २०१३ पासून डायरेक्टचा पर्याय सगळ्यांना आहे. सक्रिय फंडांत, म्हणजे जिथे मॅनेजर स्वतः शेअर निवडतो तिथे, दोन्हींतला फरक टक्काभरही असू शकतो. टक्का म्हणजे काय मोठंसं? वरच्याच बारा हजारांच्या हिशेबात दहाऐवजी नऊ टक्के घाला. पंचवीस वर्षांनी जवळपास साडेचोवीस लाख कमी येतात. पहिल्या दहा वर्षांत घाम गाळून जमवले होते तेवढेच.

बाजार पडतोच. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर होता, त्याच ऑक्टोबरात तो ९,००० च्याही खाली गेला. २०२० च्या जानेवारीत ४२,००० च्या आसपास, मार्चअखेरीच्या आत २६,००० च्या खाली. पुढच्या तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवला असेल तर तो गेला म्हणायचं. वीस वर्षांनी लागणारा असेल तर त्या महिन्यांत तोच हप्ता फंडाची जास्त युनिट, म्हणजे जास्त हिस्से घेऊन येतो.

सोनं नाशिककराच्या जिवाचं. लग्नात हवंच, आणि गेल्या काही वर्षांत भावाने भल्याभल्यांना खोटं पाडलंय. २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पार गेला. पण सराफ बाजारातून पाटल्या घेताना घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी जातो, आणि मोडताना घडणावळ परत येत नाही. शिवाय पाटल्या मोडायच्या म्हटलं की घरात जे होतं ते कोणत्याच तक्त्यात बसत नाही. दागिना हा खर्च समजा, आनंदाने करा. गुंतवणूक म्हणून त्याचा हिशेब मांडू नका.

प्लॉटबद्दल लिहायला लागलो तर वेगळा लेख होईल. समृद्धी महामार्ग झाला, कुंभमेळा आला, आता भाव वाढणारच, हे ऐकत कितीतरी जणांनी सगळी शिल्लक एका गुंठेवारीच्या तुकड्यात घातली. भाव वाढलेही असतील. पण गुंठा महिन्याला काही देत नाही, आणि दवाखान्यासाठी त्यातला अर्धा कोपरा विकता येत नाही.

शेतकऱ्याला दरमहा एसआयपी म्हणजे थट्टा आहे. त्याचा पैसा मार्च-एप्रिलमध्ये येतो, तोही व्यापाऱ्याने दिला तर. त्याने वर्षातून एकदाच, माल विकल्यावर बाजूला काढावं. त्याचा अडीनडीचा निधीही महिन्यांत मोजू नये. एका ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंतचा सगळा बागेचा खर्च, एवढा साठा हवा. अवकाळीने एक हंगाम गेला तरी पुढची छाटणी सावकाराच्या पैशाने करावी लागू नये म्हणून.

सावकाराचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे अजूनही व्याज 'शेकडा दोन', 'शेकडा तीन' असंच बोलतात, दरमहा. उषवदाताच्या लेखातली भाषा आणि आपली भाषा इथे एकच आहे. म्हणून कोणी 'शेकडा पाच देतो' म्हणाला की त्या शिलालेखाशी ताडून बघा. महिना शेकडा पाच म्हणजे एका लाखाचे दहा वर्षांत साडेतीन कोटी. ज्याला खरंच एवढं कमावता येतं तो सिडकोतल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून तुमचे पन्नास हजार कशाला मागेल? आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी हीच चक्रवाढ उलट्या दिशेने फिरवते. महिना साडेतीन टक्के म्हणजे पावणेदोन वर्षांच्या आत कर्ज दुप्पट. ते अंगावर असताना एसआयपी सुरू करणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

माझ्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, आणि चेअरमन ओळखीचा. दरवाजाला कुलूप लागलं त्या दिवशी ते बाहेर पायरीवर दोन तास बसून होते. निम्मे पैसे अकरा वर्षांनी तुकड्यातुकड्यांत मिळाले. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की ठेव विमा फक्त बँकांना लागू असतो, सहकारी बँकांनाही, पण पतसंस्थांना नाही. फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज धरून पाच लाखांपर्यंत हे संरक्षण आहे. तेव्हा एका बँकेत पाच लाखांच्या आत, आणि दोन टक्क्यांसाठी ओळखीच्या चेअरमनकडे जाऊ नका. उषवदातानेही तीन हजार एकाच श्रेणीत ठेवले नव्हते. दोन केले, आणि कमी रक्कम कमी व्याजाच्या श्रेणीकडे दिली. ती जास्त भरवशाची होती का, हे त्याने लिहिलेलं नाही.

भिशीबद्दल मात्र मी थोडा हळवा आहे. वीस बायका, प्रत्येकी दोन हजार, दर महिन्याला एकीला चाळीस. व्याज शून्य. माझ्या बायकोने त्यातून फ्रिज घेतला, मुलीची फी भरली. ओळखीतली, लहान, लिलाव नसलेली भिशी असेल तर ती बचतीचं वळण लावते. वाढीची अपेक्षा तिच्याकडून करायची नाही.

पोरगं परवा परत आलं. गाडी पुढे ढकलली म्हणाला, सेकंडहँड स्प्लेंडर घेतली. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून आणला होता: पाच महिने अठरा दिवस. मी त्याचं पीएफ खातं उघडायला लावलं. नॉमिनीची जागा कोरी. ई-नॉमिनेशनला आधार आणि फोटो लागतो, तो अपलोड केलेला नव्हता, म्हणून ते पुढे गेलंच नव्हतं. उषवदाताने एवढं सगळं दान केल्यावर ते निगमसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, आणि वर दगडात कोरून घेतलं. म्हणून तर आज ते आपल्याला माहीत आहे. "नाव कोणाचं टाकू काका," त्याने विचारलं, "लग्न तर डिसेंबरात आहे."

"आत्ता आईचं टाक," मी म्हटलं. "लग्न झाल्यावर हे नॉमिनेशन रद्द धरतात, तेव्हा जानेवारीत परत माझ्याकडे ये."